अप्रीतीचा अर्थ आणि दूरचे न्यायपीठ

राष्ट्रीय न्यायालयाने दिलेली फौजदारी शिक्षा प्रादेशिक मानवाधिकार न्यायालयाला तपासता येते काय, हा प्रश्न नवा मानला जातो. महाराष्ट्रापुढे तो, निराळ्या रूपात, १८९७ मध्येच उभा राहिला होता.

कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीबद्दल टिळक व आगरकर यांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, तो खटला एका व्यक्तीच्या अब्रूचा होता. १८९७ चा खटला एका शब्दाच्या अर्थाचा होता. १५ जूनच्या 'केसरी'तील मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा आरोप आला. मजकूर मराठी, जूरीतील सहा युरोपियन सभासदांना आधार इंग्रजी भाषांतराचा. त्या सहांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. शिक्षा १८ महिने सक्तमजुरीची झाली.

कलमातील 'डिसअफेक्शन' म्हणजे प्रीतीचा अभाव, असे न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी जूरीस समजाविले. द्वेष, वैर, तिरस्कार हे सारे त्यांनी त्यात गणलेच. परंतु आरंभ अभावापासून केल्यामुळे गुन्ह्याची सीमा फार अलीकडे सरकली. आपल्या वैयाकरणांनी नञ्‌चे सहा अर्थ सांगितले आहेत. 'अपाप' या शब्दात अभाव आहे, 'अधर्म' या शब्दात विरोध. मराठी कायद्यातील 'अप्रीती' या शब्दातही हीच संदिग्धता दडली होती. सरकारवर प्रेम नसणे आणि सरकारशी वैर धरणे यांतील अंतर तुरुंगाच्या भिंतीएवढे असते, हे वेगळे सांगावयास नको.

लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांच्या वतीने ॲस्क्विथ उभे राहिले. कौन्सिलने अपिलाची परवानगीच नाकारली. फौजदारी निकालांत सामान्यतः हात घालावयाचा नाही. कार्यपद्धतीची पायमल्ली वा नैसर्गिक न्यायाचा भंग यांसारख्या कारणाने घोर अन्याय झाला असेल तरच दखल घ्यावयाची, हा १८८७ च्या डिलेट प्रकरणातील दंडक होता. अर्थाची चूक त्या चाळणीतून गळून गेली. पुढे १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने राजद्रोहाचा अर्थ सार्वजनिक सुव्यवस्थेशी जोडून संकुचित केला, तर १९४७ मध्ये सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा टिळक खटल्यातील अर्थच ग्राह्य धरला. फेडरल कोर्टाच्या दृष्टीस मान्यता मिळण्यास १९६२ चा केदारनाथ सिंह निकाल यावा लागला.

स्ट्रासबर्गचे युरोपीय न्यायालयही स्वतःला अपील कोर्ट म्हणवीत नाही. पुरावा ते सहसा नव्याने तोलत नाही, शिक्षा स्वतः रद्द करीत नाही. करारातील हक्काचा भंग झाला की नाही एवढेच ठरविते. हा संयम समजण्याजोगा आहे, पण डिलेटच्या दंडकाशी त्याचे साम्य अस्वस्थ करणारे आहे. फरक एवढाच, आणि तो थोडा नव्हे, की अभिव्यक्तीचा हक्क तपासताना शब्दांचा अर्थ दाराबाहेर ठेवता येत नाही.

याहून पुढे अमेरिका खंडाचे न्यायालय गेले. कोस्टा रिकातील पत्रकार एरेरा उयोआ यांना १९९९ मध्ये बदनामीबद्दल शिक्षा झाली होती. २ जुलै २००४ रोजी या न्यायालयाने ती शिक्षा निष्प्रभ करण्याचा आदेश त्या राज्याला दिला. शिवाय केवळ औपचारिक दोष पाहणारे अपील हे अपीलच नव्हे, निकालाची सर्वांगीण तपासणी झाली पाहिजे, असेही ठरविले. ॲस्क्विथ यांना १८९७ मध्ये नेमका हाच दरवाजा बंद आढळला होता. आशिया खंडात असे प्रादेशिक न्यायालय अद्याप नाही.