चिकटलेल्या हेडची कुळकथा

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा संगणक माळ्यावरून उतरवून सुरू केला की पुष्कळदा दिवा लागतो, पंखा फिरतो आणि हार्ड डिस्क मात्र गप्प राहते. मोटर जोर लावते, पण तबकड्या जागच्या हलत नाहीत. आपण म्हणतो, ‘डिस्क गेली.’ कित्येकदा ती गेलेली नसते. तिचे वाचण्या-लिहिण्याचे हेड तबकडीला चिकटलेले असते. तंत्रज्ञ या दुखण्याला ‘स्टिक्शन’ म्हणतात. त्याचे कूळ शोधू लागलो की आधीच्या एका दुखण्यावरच्या औषधापाशी येऊन पोचतो.

पहिली हार्ड डिस्क 1956 मधली, आयबीएमच्या रॅमॅक यंत्रातली. दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या आणि 50 लाख अक्षरांची जागा. हेड तबकडीला टेकू नये म्हणून दाबाची हवा सोडावी लागे. पुढे तबकडीच्या वेगामुळे तयार होणाऱ्या हवेच्या थरावरच हेड तरंगू लागले.

अशाच तरंगत्या हेडच्या डिस्क वापरणारा आयबीएम 360/91 हा संगणक म्युनिकच्या उत्तरेला असलेल्या गार्चिंगमधल्या प्लाझ्मा भौतिकी संस्थेत 1969 मध्ये आला. 360 घराण्यातल्या यंत्रांना तबकड्यांचे सुटे गठ्ठे लागत. गठ्ठा यंत्रात बसवायचा, काम झाले की काढून कपाटात ठेवायचा. हेड यंत्राचे, तबकड्या गठ्ठ्याच्या. सोय मोठी, पण गठ्ठा बदलताना धूळ आत शिरे. एखाद्या कणावर हेड आदळले की तबकडीवरचा चुंबकीय लेप खरवडला जाई. हाच हेड क्रॅश.

1973 मध्ये आयबीएमच्या 3340 या डिस्कने यावर उपाय आणला. हेड आणि तबकड्या एकाच बंद डब्यात गेल्या. मूळ बेत 30-30 मेगाबाइटच्या दोन भागांचा होता. त्यावरून 30-30 नावाची रायफल आठवून हिचे नाव ‘विंचेस्टर’ पडले. हेड इतके हलके केले होते, की डिस्क थांबताना ते तबकडीवरच उतरे आणि सुरू होताना तिथूनच उडे. घासू नये म्हणून तबकडीवर वंगणाचा पातळ थर दिला. 1980 साली सीगेटच्या 5 मेगाबाइटच्या एसटी-506 मधून हा वंश टेबलावरच्या संगणकात आला.

जास्त माहिती मावायला हेड तबकडीच्या आणखी जवळून उडायला हवे आणि त्यासाठी तबकडी आणखी गुळगुळीत हवी. नवे दुखणे इथे जन्मले. ओले पेले एकात एक ठेवले की सहज निघत नाहीत. तसेच इथे दोन गुळगुळीत पृष्ठभाग आणि मध्ये वंगण, वर दमट हवेतला ओलावा. डिस्क वर्षानुवर्षे बंद राहिली की ही पकड मोटरच्या ताकदीपलीकडे जाते. हिसका दिला तर नाजूक हेडच निखळण्याची भीती. पुढे हेड उतरण्याच्या पट्ट्यावर लेसरने बारीक उंचवटे उठवले गेले, मग हेड तबकडीबाहेरच्या उतारावर विसावू लागले. जुन्या डिस्कच्या नशिबी यातले काहीच नव्हते.

त्याच गार्चिंगमध्ये 2006 पासून लायब्निट्स संगणक केंद्रही आहे. दीर्घकाळ जपायची संशोधनाची माहिती तिथे आजही चुंबकीय टेपवर ठेवतात. टेपच्या डबीत हेडही नसते, मोटरही नसते. ती दोन्ही टेप वाचण्याच्या यंत्रात. विंचेस्टरने एका डब्यात कोंडलेली हेड आणि माहितीच्या माध्यमाची जोडी इथे वेगळीच राहिली आहे.

माळ्यावरच्या डिस्कमध्ये मात्र ही जोडी एकत्रच आहे. म्हणून ती सुदैवाने फिरू लागली, तर आधी तिच्यातले सगळे दुसरीकडे उतरवून घ्यावे आणि तोवर संगणक बंद करू नये. डिस्क थांबली की हेड पुन्हा त्याच वंगणावर उतरणार आहे.