जकात नाक्यांनंतरची नगरपालिका : पांढुर्णा आणि सौंसर

गावाचा इतिहास लिहावयाचा म्हटला की आपण राजे, लढाया व देवळे आठवतो. नगरपालिकेची जमाखर्चाची वही सहसा कोणी उघडत नाही. पांढुर्णा व सौंसर या आपल्या मराठीभाषी गावांपुरते तरी हे दुर्लक्ष परवडणारे नाही, असे माझे मत आहे.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३ साली खालसा झाले, पण ‘जकात’ हा शब्द या मुलखात टिकून राहिला. मूळ अरबीत तो दानधर्माचा. मराठीत येईतो वेशीवर अडवून घ्यावयाच्या कराचा झाला. (भाषेच्या अभ्यासकाला या अर्थांतराची मौज वाटते, गाडीवानाला ती वाटली असेल असे नाही.) १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, ही दोन्ही गावे मध्य प्रदेशात राहिली, आणि घरात ‘जकात’ तर कचेरीत ‘चुंगी’ असा दुहेरी व्यवहार सुरू झाला.

जकातीचे बळ तिच्या सोपेपणात होते. माल नाक्यावर आला की रोख वसुली. बाजार वाढला की उत्पन्नही वाढे, आणि मुख्य म्हणजे तो पैसा गावचा गावातच राही. दोष अर्थात लहान नव्हते. गाड्या ताटकळत, चिरीमिरी चाले, आणि गरिबाच्या रोजच्या जिनसांवरही भार पडे. मध्य प्रदेशाने १९७६ साली जकात उठवून राज्याचा प्रवेशकर आणला व नगरपालिकांना ‘चुंगी क्षतिपूर्ती’ देऊ केली. सीमेपलीकडील महाराष्ट्रात नगरपरिषदांची जकात १९९९ पर्यंत चालू होती. म्हणजे काही कोसांच्या अंतरावर तेवीस वर्षे दोन निराळे अर्थव्यवहार नांदत होते.

नाके गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. दुःख आहे ते त्यांच्याबरोबर गेलेल्या अधिकाराचे. जकात ही गावाची मिळकत होती. क्षतिपूर्ती हा भोपाळहून येणारा हप्ता आहे. तो किती व केव्हा यावा, हे पांढुर्ण्याचा बाजार ठरवीत नाही. २०१७ साली वस्तू व सेवा करात प्रवेशकरही विलीन झाला. आज ना चुंगी आहे, ना तिची जागा घेणारा कर. क्षतिपूर्तीचे नाव मात्र कायम आहे!

उरतो संपत्तिकर. घरमालक स्वतः राहत असल्यास त्यात निम्मी सूट मिळते. ही सवलत न्याय्य आहे, हे मान्य. परंतु ज्या गावात बहुतेक लोक आपापल्या घरीच राहतात, तेथे या कराचे पीक किती यावे? पाणीपट्टी वाढविण्याचा विषय निवडणुकीच्या तोंडावर कोणताही नगरसेवक काढीत नाही, आणि निवडणुकीनंतरही क्वचितच. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नगरपालिकांसाठी नोंदविले. त्यांच्या हक्काचा म्हणून एकही कर मात्र नावानिशी दिला नाही. कामांची यादी घटनेत, आणि करांचा निर्णय राज्याच्या मर्जीवर, अशी ही विभागणी आहे.

२०२३ साली पांढुर्णा व सौंसर या तहसिली मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्ह्याचे ठाणे म्हणून रस्ते, पाणी व सफाई यांच्या अपेक्षा वाढल्या. नगरपालिकेच्या करांचे प्रकार होते तेवढेच राहिले. विद्यार्थ्यांनी या वर्षीच्या अंदाजपत्रकात दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत : गावाने स्वतः वसूल केलेला कर आणि भोपाळहून आलेली रक्कम. तिसरा आकडा पगार व विजेच्या बिलाचा घ्यावा. पाणी चढविणाऱ्या पंपांची वीज कशातून भरली जाते, हे त्यांना तेथेच दिसेल.