एकच पंगत

साताऱ्याकडच्या एखाद्या खेड्यातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला १९२० च्या सुमारास कुणी ‘तू रे कोणाचा?’ म्हणून विचारले, तर उत्तर त्याच्या ओठांवर तयार असे. बापाचे नाव, आळी किंवा वाडा, आणि त्यातून आपोआप कळणारी जात. पाणी कोणत्या विहिरीचे प्यायचे, देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत जायचे, लग्नाच्या जेवणात कुठे बसायचे, हे सारे त्या उत्तरात आलेच. आपण कोण, हे त्या मुलाला शोधावे लागतच नसे. गावाने ते आधीच ठरवून ठेवलेले असे.

शाळेत गेल्याने यात फरक पडे काय? फारसा नाही. शाळा पाच-सहा तासांची. ‘सारी माणसे सारखी’ हा धडा गुरुजींनी कितीही रंगवून शिकवला, तरी घंटा झाली की मुलगा घरी जाई आणि घर त्याला निराळाच धडा देई. पुस्तकातला धडा वर्षातून एकदा वाचायचा आणि घरचा धडा दिवसातून दोन वेळा भाकरीबरोबर खायचा! जिंकणार कोणता, हे सांगायला नकोच.

म्हणून मुलाच्या राहण्या-जेवणाचीच सोय केली पाहिजे, हे ज्यांनी ओळखले त्यांत कोल्हापूरचे शाहू छत्रपती अग्रेसर होते. सर्वांसाठी एकच वसतिगृह काढण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न साधला नाही. मग १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत अशी निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. जातिभेद टिकावा म्हणून महाराजांनी हे केले नव्हते. ज्या समाजात शिकलेला माणूस औषधालाही सापडत नव्हता, त्याच्या पोराला आधी पाय टेकायला जागा हवी होती. ती या बोर्डिंगांनी दिली. पण भिंत जशी ऊन-वारा अडवते, तशी शेजाऱ्यालाही अडवते.

याचा अनुभव कोल्हापुरातच एका तरुणाला आला. भाऊराव पायगोंडा पाटील हे त्याचे नाव. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोजचा. तो जैन बोर्डिंगात राहून शिकत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परतल्यावर स्नान करून शुद्ध हो, असे त्याला सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला आणि बोर्डिंगातला मुक्काम संपला. ज्या छपराने आसरा दिला, त्याच छपराने बाहेरची वाट दाखवली. हा मुलगा पुढे मॅट्रिकही झाला नाही. पण या प्रसंगाचा धडा मात्र त्याने जन्मभर गिरवला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. त्यात मराठ्याचे, महाराचे, मांगाचे, जैनाचे, मुसलमानाचे मूल एकत्र राहणार, एकत्र रांधणार आणि एका पंगतीला जेवणार. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले.

या वसतिगृहाची खरी शिकवण दिवसाच्या मांडणीत होती. केर काढायचा, पाणी भरायचे, भाकऱ्या थापायच्या, भांडी घासायची. नोकर कोणी नाही. शेजारच्या मुलाच्या हातची भाकरी रोज खाणाऱ्याला त्याचा विटाळ मानणे किती दिवस जमणार? ‘तू कोणाचा?’ या जुन्या प्रश्नाच्या जागी ‘आज तुझे काम कोणते?’ हा प्रश्न आला, आणि त्याचे उत्तर जातीत सापडत नव्हते.

या मुलांची खरी परीक्षा मात्र साताऱ्यात नव्हती, सुटीत घरी गेल्यावर होती. गाव होते तसेच होते. तीच विहीर, तीच पायरी, तीच वेगळी पंगत. पूर्वी त्या मुलाजवळ एकच उत्तर होते. आता दोन होती, आणि त्यांतले कोणते आपले, हे त्याचे त्यालाच ठरवायचे होते. कोणी धीराने वागला असेल, कोणी मान खाली घालून जुन्या रांगेत बसला असेल. माझ्या मते नीती सुरू होते ती इथे. ज्याला निवड करताच येत नाही, त्याला चांगला तरी कसे म्हणावे?

याची किंमतही कुणीतरी मोजली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या वळणात वाढलेल्या. त्याच या सर्व जातींच्या मुलांची आई झाल्या. दागिने एकेक करून गेले आणि मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. पुढचे वैभव त्यांनी पाहिले नाही: येरवडा करारानंतर १९३२ साली पुण्यात निघालेले युनियन बोर्डिंग, १९४० चे साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ चे छत्रपती शिवाजी कॉलेज. ९ मे १९५९ रोजी भाऊरावही गेले. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष. त्याच्या पारंब्या आज महाराष्ट्रभर पसरल्या आहेत.

अलीकडे शाळांत मूल्यशिक्षणही शिकवले जाते. उत्तमच आहे. पण भाऊरावांनी तास वाढवला नाही, पंगत बदलली. दिवाळीच्या या दिवसांत घरोघरी फराळाची ताटे मांडली जातात. आपल्या मुलाच्या ताटाशेजारी कोणाचे ताट आहे, एवढे आपण पाहिले, तरी त्याच्या शिक्षणाचे बरेचसे आपल्याला कळेल.