एक पौंड धान्य आणि ‘कामचोर’ माणसं

रोजगार हमीचा विषय निघाला की कट्ट्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, “आयतं मिळालं की माणूस आळशी होतो.” मंडळी, हे वाक्य जुनं आहे. दीडशे वर्षांपूर्वी त्यावर सरकारी धोरण उभं होतं आणि त्याची किंमत आपल्याच मुलखाने मोजली.

१८७६ साली पाऊस गेला. सोलापूर, नगर, सातारा, पुणे, सगळीकडे हाहाकार. दुष्काळी कामं निघाली. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना दौऱ्यावर धाडलं. गंमत बघा, याच टेंपलसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं जगवली होती. तेव्हा टीका झाली ती खर्च फार केला म्हणून! साहेब धडा शिकले, पण उलटा.

त्यांनी मजुरी ठरवली ती अशी: दिवसभर राबणाऱ्या गड्याला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे. बाईला त्याहून कमी. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली. सरकारने अर्थ काढला, यांना खरी गरजच नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू घेतली आणि तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त खायला मिळतं, हे सरकारच्या तोंडावर मांडलं. तिकडे मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश सांगत होते की एवढ्यावर कष्टाचं काम होणार नाही, किमान दीड पौंड धान्य आणि वर डाळ-भाजी हवी. मद्रासने नंतर थोडी वाढ दिली, तीही अर्धीमुर्धी. त्या दुष्काळात निव्वळ ब्रिटिश अमलाखालच्या भागात ५० लाखांवर माणसं गेली असा अंदाज आहे.

कॉर्निश शरीराबद्दल बोलत होते. भूक मनाचं काय करते, हे नीट मोजलं गेलं ६७ वर्षांनी, अमेरिकेत.

नोव्हेंबर १९४४. मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण निवडले. युद्धात हत्यार उचलायला तत्त्व म्हणून नकार दिलेली ही मुलं स्वतःहून आलेली. त्यांना २४ आठवडे रोज साधारण १,५७० कॅलरी दिल्या. पाव, बटाटे, सलगम, मॅकरोनी. हिशोब करून बघा, एक पौंड ज्वारीतही ढोबळमानाने तेवढ्याच भरतात! आणि या पोरांना खडी फोडायची नव्हती. झोपायला गादी, उशाला डॉक्टर, आठवड्याला २२ मैल चालणं, एवढंच.

वजन चौथ्या हिश्शाने घटलं. नाडी मंदावली, भर उन्हाळ्यात थंडी वाजायची. पण खरं नवल मनाचं. शहाणीसुरती पोरं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटं चाटू लागली, एका घासाला पाच मिनिटं लावू लागली. चिडचिड, भांडणं, उदासी. कशातच रस नाही. एकाने तर कुऱ्हाडीने स्वतःची बोटं तोडून घेतली. खाणं वाढवल्यावरही कित्येक आठवडे पोट भरल्यासारखं वाटेना, अधाशासारखं खाणं चालूच. अ‍ॅनोरेक्सियासारख्या खाण्याच्या विकारांवर उपचार करणारे डॉक्टर आजही हा अभ्यास वाचतात. रुग्णाचं विचित्र वाटणारं बरंचसं वागणं स्वभावातून नाही, उपासमारीतून आलेलं असतं, हे त्यांना त्यातून कळतं. (हौसेने अर्धपोटी डाएट करणाऱ्या आणि त्याची सक्ती मुलींवर करणाऱ्यांनीही वाचावं.)

आता मिनेसोटातली ती पोरं १८७७ च्या एखाद्या कामावर उभी करा. मान खाली, हात मंद, शेजाऱ्याशी वाद, लक्ष सगळं भाकरीकडे. मुकादम वहीत काय लिहील? कामचोर!

१९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे कामावर मजुरांना सुकडी वाटली. जुनी माणसं तिच्या चवीला नावं ठेवतात, पण पोटात काही पडल्याशिवाय घमेलं उचलत नाही हे तेव्हाच्या व्यवस्थेला कळलं होतं. त्याच दुष्काळातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. मात्र मजुरी बहुतेक ठिकाणी अजूनही मोजमापावर पडते. खड्डा किती खोल, माती किती घनमीटर. टेप लावताना सकाळी काय खाऊन आलास, हे कुणी विचारत नाही. आणि त्या खड्ड्याचे पैसे हाती पडेपर्यंत आठवडे जातात.