बकरीच्या भांडणापासून अंतराळयुद्धापर्यंत: 'द लास्ट कॉलनी' ही कादंबरी काय आहे?

दोन सख्खे भाऊ बकऱ्यांवरून भांडतायत. गावाने तंटे सोडवायला नेमलेला माणूस डोक्याला हात लावून दोघांचं ऐकतोय.

जळगाव जामोद तालुक्यात कुणाला हे सांगितलं तर तो म्हणेल, यात नवीन काय? आमच्याकडे धुऱ्यावरून, पिकात शिरलेल्या जनावरावरून हेच चालतं. मग प्रकरण तंटामुक्ती समितीकडे जातं.

फरक एवढाच, की हे गाव पृथ्वीवर नाही. ते 'हकलबेरी' नावाच्या ग्रहावर आहे. गावाचं नाव आहे न्यू गोवा आणि भांडण सोडवणारा आहे निवृत्त अमेरिकी सैनिक जॉन पेरी.

अमेरिकन लेखक जॉन स्कॉल्झी यांची 'द लास्ट कॉलनी' ही कादंबरी अशी सुरू होते. ती आली २००७ मध्ये. योगायोग म्हणजे महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीमही त्याच वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाली.

आधीच्या दोन भागांत काय होतं?

मालिकेचा पहिला भाग 'ओल्ड मॅन्स वॉर' २००५ चा. त्यात माणूस ७५ वर्षांचा झाला की सैन्यात भरती होतो. त्याचं मन नव्या, तरुण, हिरव्या रंगाच्या शरीरात घातलं जातं आणि त्याला परग्रहवासीयांशी लढायला पाठवतात. जिवंत राहिला तर पुन्हा साधं माणसाचं शरीर आणि एखाद्या वसाहतीत घर मिळतं.

दुसरा भाग 'द घोस्ट ब्रिगेड्स' २००६ चा. यात मेलेल्या माणसांच्या डीएनएपासून तयार केलेल्या सैनिकांची गोष्ट आहे. पेरीची बायको जेन सेगन त्यांच्यातलीच.

भारतीय तिथे कसे पोहोचले?

या मालिकेच्या जगात उपखंडात मोठं युद्ध होऊन गेलंय. त्यानंतर भारतासारख्या देशांतल्या लोकांना नव्या ग्रहांवर शेती करायला, वस्ती करायला जाता येतं. अमेरिकनांना मात्र फक्त सैनिक म्हणूनच जाता येतं. त्यामुळे न्यू गोवा हे भारतीय वंशाच्या लोकांचं गाव आहे.

वाचताना एक गोष्ट खटकते. भांडणाऱ्या भावांचं आडनाव चेंगलपेट आहे आणि पेरीच्या मदतनीस मुलीचं नाव सावित्री गुंटुपल्ली. एक नाव तमिळनाडूतल्या गावाची आठवण करून देतं, दुसरं तेलुगू आहे. नाव गोव्याचं, पण त्यात गोवेकर सापडत नाही. तरी सावित्री लक्षात राहते. ती हजरजबाबी आहे आणि साहेबालाही टोमणे मारायला घाबरत नाही.

मग युद्ध कुठंय?

पेरी, जेन आणि त्यांची दत्तक मुलगी झोई यांना रोआनोक नावाची नवी वसाहत सांभाळायला पाठवलं जातं. तिथले लोक दहा वेगवेगळ्या ग्रहांवरून आलेले असतात. पोहोचल्यावर कळतं, की सरकारने त्यांना भलत्याच ग्रहावर उतरवलंय.

कारण ४१२ परग्रही वंशांची 'कॉन्क्लेव्ह' ही संघटना नव्या मानवी वसाहतींच्या विरोधात आहे. तिला सुगावा लागू नये म्हणून गावात सिग्नल सोडणारं कुठलंही यंत्र वापरायचं नाही. नेटवर्क नाही, अत्याधुनिक अवजारं नाहीत. अशा वेळी उपयोगी पडतात ते साध्या पद्धतीने शेती करणारे मेनोनाइट पंथाचे लोक.

रोआनोक हे नावही उगाच दिलेलं नाही. १५८७ मध्ये आजच्या नॉर्थ कॅरोलायनात इंग्रजांनी त्या नावाची वसाहत वसवली होती. १५९० मध्ये जहाज परतलं तेव्हा तिथे एकही माणूस नव्हता.

ही कादंबरी का वाचावी?

लष्करी विज्ञानकथा म्हटलं की बंदुका आणि स्फोट आठवतात. तेही यात आहेत. पण पहिल्या भागातला हुकूम पाळणारा सैनिक इथे गावाला उत्तर द्यायला बांधील असलेला माणूस झालाय. डाव वर बसलेले लोक खेळतात आणि त्याची किंमत गावाला मोजावी लागते. ज्यांचा जीव पणाला लागलाय त्यांनाच खरी माहिती दिली जात नाही. अशा वेळी गावच्या प्रमुखाने कुणाशी इमान राखायचं, सरकारशी की आपल्या माणसांशी? पेरी काय करतो, ते इथे सांगत नाही.

सुरुवात कुठून करायची?

'द लास्ट कॉलनी'ला २००८ च्या ह्यूगो पुरस्कारासाठी नामांकन मिळालं होतं. २००८ मध्येच आलेली 'झोईज टेल' हीच गोष्ट मुलीच्या नजरेतून सांगते. पुढे 'द ह्यूमन डिव्हिजन' (२०१३), 'द एंड ऑफ ऑल थिंग्ज' (२०१५) आणि 'द शॅटरिंग पीस' (२०२५) हे भाग आले.

थेट तिसरा भाग उचलला तरी गोष्ट कळते. पण पेरीने आधी काय भोगलंय हे माहीत असेल, तर बकऱ्यांचं भांडण सोडवताना तो इतका सुखी का दिसतो, ते जास्त चांगलं समजतं.