आठ डॉलर आणि मागे राहिलेले पासबुक

अंधेरीच्या पूर्वेस सीप्झच्या कुंपणाआड एका जुन्या देवळाच्या भिंती उभ्या आहेत. कोंडिवटे गावातील योहान बाप्तिस्ताचे हे देऊळ जेजुइट धर्मगुरूंनी १५७९ साली उभारले. १८४० च्या सुमारास गावात साथीचा रोग पसरला, ग्रामस्थ मरोळला सरकले, आणि देवळाचे छप्पर ऊनपावसाच्या स्वाधीन झाले. भोवतालच्या शेतजमिनी पुढे औद्योगिक वसाहतीत गेल्या. १९७३ साली त्याच जागेवर सीप्झ हे निर्यातीसाठी माल तयार करणारे क्षेत्र सुरू झाले. देशाला परकीय चलन मिळवून द्यावे, हा त्यामागील हेतू.

त्याच वर्षी संसदेने परकीय चलन नियमन कायदा नव्याने केला. १ जानेवारी १९७४ पासून तो अमलात आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्याला 'फेरा' म्हणू लागले. मराठी माणसाला हे नाव फार लवकर कळले, कारण फेऱ्यात सापडणे म्हणजे काय हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. एकाच वर्षी एकीकडे आमच्या गावच्या भूमीवर डॉलर मिळविण्याचे कारखाने उभे राहिले आणि दुसरीकडे त्याच गावातून कॅनडाला निघालेल्या मुलाला, वडिलांनी साठविलेले पैसे डॉलर करून बरोबर नेता येणार नाहीत, असे बजावले गेले.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यातील धर्मग्रामांत परदेशी कोणीच नाही असे कॅथॉलिक घर शोधावे लागेल. कोणी टोरांटोला, कोणी मेलबर्नला, कोणी आखातात. आमच्या समाजाच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. देवळे, लुगडी, लग्नाची गाणी, १८८७ साली 'ईस्ट इंडियन' हे नाव कसे धारण केले गेले, हे सारे आले आहे. पण ही माणसे निघाली तेव्हा त्यांच्या कष्टाच्या पैशाचे काय झाले, तो कोणत्या बँकेत ठेवला गेला, समुद्रापलीकडे कसा गेला किंवा का गेला नाही, याकडे आम्ही कोणी फारसे पाहिले नाही. पासबुक हा इतिहासाचा कागद आहे असे आम्हांस वाटलेच नाही.

बँक निवडण्याची आमची रीत मात्र जुनी आहे. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तोपर्यंत अडीनडीला सावकार होता आणि बचतीला सोने. १९१८ साली वसईत फादर पी. जे. मोनीस यांनी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली; आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच. १९२० साली साष्टी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था निघाली. तिचेच पुढे सिटिझनक्रेडिट बँकेत रूपांतर झाले. या संस्थांचे खरे भांडवल ओळख हे होते. कर्ज मागणारा, जामीन राहणारा आणि संचालक मंडळावर बसणारा हे तिघे रविवारी एकाच मिस्सेला हजर असत. कर्ज बुडविणाऱ्यास कोर्टापेक्षा देवळाच्या पायऱ्यांची भीती अधिक होती. जगात अन्यत्रही हेच घडत होते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात, लेव्ही या गावी, आल्फोन्स देजार्दां यांनी ६ डिसेंबर १९०० रोजी जी लोकपेढी स्थापिली तिची मर्यादा धर्मग्रामाच्या सीमेइतकीच होती. त्यानंतर सदुसष्ट वर्षांनी आमची मुले त्या देशाकडे निघाली तेव्हा तिकडेही देवळाच्या सावलीतील पतपेढी त्यांना अगदीच परकी नव्हती.

परंतु ओळखीचा हा हिशेब देशाच्या सीमेपर्यंतच चालतो. तिच्यापलीकडे कायद्याचा एकच प्रश्न असतो : तुम्ही राहता कोठे?

हा प्रश्न पूर्वी इतका कठोर नव्हता. इंग्रजी साम्राज्यात पैसा बराचसा मोकळा फिरे. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या सप्टेंबर १९३९ मध्ये परकीय चलनावर पहिल्यांदा नियंत्रण आले आणि युद्ध संपल्यावरही ते गेले नाही. १९४७ च्या कायद्याने ते पुढे चालूच राहिले. तरीही कुवेत, बहरीन येथे काम करणाऱ्या मुंबईकराला त्या काळी पगार रुपयांतच मिळत असे, कारण आखातातील चलन आपला रुपया हेच होते. आजच्या तरुण वाचकाला हे खरेही वाटणार नाही! त्या रुपयांच्या मोबदल्यात आखातातून सोने चोरून येऊ लागले, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ साली स्वतःचे चलन आणले, बहरीनने १९६५ साली. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर उरलेल्यांनीही रुपयाचा निरोप घेतला.

याच सुमारास दारे दुसरीकडे उघडत होती. कॅनडाने १९६७ साली वर्ण व वंश बाजूस ठेवून शिक्षण, भाषा आणि कसब यांना गुण देण्याची पद्धत आणली. ऑस्ट्रेलियाने १९७३ साली गोऱ्यांपुरते धोरण मोडीत काढले. इंग्रजी शाळांत शिकलेली, टंकलेखन, परिचारिकेचे काम, यंत्रदुरुस्ती येणारी आमची मुले या दारांतून आत गेली. जाताना हाती काय असे? त्या पिढीचा कोणीही सांगेल : आठ डॉलर. त्याआधी विलायतेस जाणाऱ्याच्या वाट्याला तीन पौंड येत. देशाची परकीय गंगाजळी आटली होती. धान्य आणि यंत्रे यांसाठी चलन पुरेना, तेथे प्रवाशाला कोठून द्यावे, असा सरकारचा विचार. तो सर्वस्वी चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण घर विकून, भविष्यनिर्वाह निधी काढून, सासूच्या पाटल्या मोडून निघालेल्या कुटुंबाच्या दृष्टीने आठ डॉलर म्हणजे विमानतळापासून शहरापर्यंतचे भाडे.

मग माणसे काय करीत? आधी गेलेल्यांच्या घरी उतरत, त्यांच्याकडून उसने घेत, आणि परतफेड येथे होई : 'तिकडे तू मला दे, इकडे मी तुझ्या आईला देतो.' दोन्ही घरे सचोटीची, शब्द पाळणारी. एका पैचाही हिशेब चुकत नसे. तरीही 'फेरा'च्या नजरेत हा गुन्हा होता, आणि तो साधा नव्हे, फौजदारी. आम्ही त्याचे समर्थन करीत नाही. आपली आई आणि काळे धन फिरविणारा हवालेवाला हे दोघे एकाच कलमाखाली यावेत, याचे दुःख मात्र वाटते.

बहुतेकांनी तेही केले नाही. त्यांनी पैसा येथेच ठेवला. स्टेशनजवळच्या राष्ट्रीयीकृत बँकेत थोडा, ओळखीच्या पतपेढीत थोडा. 'दोनचार वर्षांत परत यायचेच आहे' हे वाक्य त्या काळी प्रत्येक निरोपाच्या जेवणात ऐकू येई. नियम असा की कायमच्या वास्तव्यासाठी अथवा नोकरीसाठी परदेशी गेलेल्याने आपले येथील बचत खाते अनिवासी म्हणून नोंदवून घ्यावे. किती जणांनी नोंदविले? खाते गोठेल, या भीतीने पुष्कळांनी कळविलेच नाही. काउंटरवरील कारकुनाला मुलगा कॅनडात आहे हे ठाऊक असे. त्याच्या निरोपाच्या जेवणाला तोही हजर होता. तो बोलला नाही, आणि घरच्यांना ती मोठी कृपा वाटली.

अनिवासी भारतीयांचे एक निराळे खाते १९७० पासून होते. त्यात परदेशातून आलेला पैसा ठेवता येई आणि व्याजासह पुन्हा बाहेर नेता येई. १९७५ मध्ये परकीय चलनातच ठेव ठेवण्याची सोय झाली. दुबईला गेलेल्या मुलाचा पैसा मोकळा, आणि बापाने अंधेरीच्या गिरणीत पस्तीस वर्षे राबून साठविलेला पैसा बांधलेला, अशी दोन पासबुके एकाच कपाटात राहू लागली. शिवाय बहुतेक नागरी सहकारी बँकांजवळ परकीय चलनाच्या व्यवहाराचा परवाना नसे. म्हणजे ज्या बँकेवर विश्वास, ती पैसा बाहेर पाठवू शकत नव्हती, आणि जी पाठवू शकत होती, तिच्या फोर्टमधील इमारतीत शिरताना आमचे लोक चप्पल काढावी की काय अशा विचारात पडत.

१९९१ साली सारेच उघडे पडले. अनिवासींनी आपल्या ठेवी भराभर काढल्या, आणि आयातीसाठी काही आठवडे पुरेल एवढेच चलन उरले. तेव्हा देशाने आपले सोने परदेशी तारण ठेवले. सत्तेचाळीस टनांच्या आसपास सोने विमानाने गेले, तेही सहारच्याच विमानतळावरून. आमच्या गोवेकर बांधवांनी या वर्षाची दुसरी बाजू पाहिली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या आधी तेथील पोर्तुगीज बँकेने, बांको नॅसिओनाल उल्त्रामारिनोने, लोकांनी गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला हलविले होते. ते परत आले १९९१ साली. तीस वर्षांत कित्येक पावत्यांचे धनी मातीआड गेले होते.

त्यानंतर भिंत हळूहळू खाली आली. १९९९ साली 'फेरा' जाऊन 'फेमा' आला, आणि १ जून २००० पासून चलनाचा नियमभंग हा फौजदारी गुन्हा न राहता दंडाचा विषय झाला. २००३ साली अनिवासींना येथील साध्या अनिवासी खात्यातून, कर भरून, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम नेण्याची मुभा मिळाली. २००४ च्या फेब्रुवारीत येथे राहणाऱ्यांसाठी पंचवीस हजार डॉलरांची योजना आली. २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. या दोन वाटांतील फरक आजही अनेकांच्या लक्षात येत नाही. पहिली वाट गेलेल्यासाठी, दुसरी न गेलेल्यासाठी. जाऊन पाच वर्षे झालेला मुलगा जुन्या निवासी खात्यातून दुसऱ्या वाटेने पैसे मागवू पाहतो, तेव्हा बँक त्याला थांबवते. आधी खाते अनिवासी करून घ्यावे लागते, आणि मग इतक्या वर्षांचे व्याज, त्यावरील कर, न कळविल्याचा खुलासा, अशी एकेक गाठ सोडवावी लागते. कारकुनाची ती जुनी कृपा येथे महाग पडते.

सरकारची भिंत उतरली तेव्हा दुसरीच गोष्ट दिसू लागली : ज्या बँकेत पैसा मागे ठेवला ती स्वतः उभी राहील काय? हा प्रश्नही नवा नव्हे. १९६० साली केरळची पालै सेंट्रल बँक बुडाली आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँकही. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. तेव्हा त्याची मर्यादा होती १,५०० रुपये. १९९३ साली ती एक लाख झाली, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. ही शेवटची वाढ होण्यास भांडुपचे प्रकरण बरेचसे कारण झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये तेथे मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारास आरंभी अवघे एक हजार रुपये काढता येऊ लागले. मुलुंड, भांडुप, घाटकोपरमधील कित्येक वृद्धांचे, मुले परदेशी असलेल्यांचे, सारे त्यात होते. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवींची फेड दहा वर्षांपर्यंत लांबविण्यात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीच पाळी न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर आली. १९६८ साली जॉर्ज फर्नांडिस यांनी कामगारांसाठी काढलेली ही बँक. तिच्या अंधेरीतील शाखेपुढे पहाटेपासून रांग लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेने तिला पदरात घेतले आणि ठेवी वाचल्या. सर्वच सहकारी बँकांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. वसईची बँक शंभरी ओलांडून उभी आहे. पण मेलबर्नमध्ये बसलेल्या लेकीला ती रांग दूरचित्रवाणीवर दिसते, आणि आईच्या ठेवी पाच लाखांच्या आत, दोनतीन बँकांत विभागलेल्या आहेत की नाहीत, हे तिला तेव्हा आठवते.

आमच्या माहितीतील एका घरी मागील वर्षी कपाट आवरताना असे एक पासबुक सापडले. शेवटची नोंद १९८४ ची. धनी आणि त्यांची पत्नी दोघेही कॅनडात निवर्तली होती, आणि खात्याला वारस नोंदविलेला नव्हता. बँकेत नामनिर्देशनाची सोय सुरू झाली तीच मुळी १९८५ साली. (आता, १ नोव्हेंबर २०२५ पासून, चार जणांची नावे देता येतात.) दहा वर्षे हालचाल नसलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जातात, त्या बुडत नाहीत, वारसाने दावा केल्यास परत मिळतात. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' या संकेतस्थळावर अनेक बँकांतील अशा ठेवी नावाने शोधता येतात. नातवाने शोधले, काहीच मिळेना. अखेर आत्याच्या ध्यानात आले की पासबुकावर आडनाव 'झेड'ने संपते, कॅनडाच्या पारपत्रावर 'एस'ने, आणि मृत्युपत्रात मधले नाव गाळलेले आहे.

तिन्ही नावे एकाच माणसाची, हे कोण सांगणार? बँकेने आणखी एखादा जुना पुरावा मागितला. नातू धर्मग्रामाच्या कार्यालयात गेला. फादरांनी लोखंडी कपाटातून १९३१ सालचे बाप्तिस्म्याचे पुस्तक काढले. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण शाई शाबूत होती. नाव, आईवडील, गाव, आणि समासात पुढे कोणी तरी लिहून ठेवलेली लग्नाची नोंद, पत्नीच्या नावासह. दाखला लिहून, शिक्का मारून, फादरांनी तो नातवाच्या हाती दिला. बँकेने तो इतर कागदांसोबत ठेवून घेतला आहे.