पलटणची ती एक चढाई

आमच्या युसूफ वडगावला (ता. केज) कबड्डी म्हणजे माती आणि सोललेले गुडघे. मॅटवरची प्रो कबड्डी त्यामानाने चकचकीत, पण पुणेरी पलटणची गोष्ट मला आपली वाटते. २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन्ही मोसमांत हा संघ चक्क शेवटचा होता!

डिसेंबर २०२२ला मुंबईत पलटण पहिल्यांदा फायनलला गेली. पण आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार दुखापतीमुळे बाहेर, मोहित गोयतही नाही. जयपूरने ३३-२९ असं हरवलं. त्या सामन्यात हे दोघं हवे होते राव!

पुढच्या मोसमात अस्लम कप्तान. प्रशिक्षक बी. सी. रमेश, आणि जोडीला इराणचा शादलुई, २ कोटी ३५ लाखांचा. २२ साखळी सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी, फक्त २ हार. ९६ गुणांसह थेट उपांत्य फेरी, तिथे पाटण्याला ३७-२१ असं लोळवलं.

१ मार्च २०२४, हैदराबाद, समोर हरियाणा. दोन्हीकडे पकडी इतक्या घट्ट की गुण निघेनात. मध्यंतराच्या तोंडावर पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले. शेवटी २८-२५. म्हणजे फरक तीनचा, आणि ती चढाई चारची! हिशेब तुम्हीच करा मंडळी.

असो. पुढच्या मोसमात पलटण प्लेऑफलाही पोचली नाही, आणि करंडक नेला हरियाणानेच.